आधी सिंक

लिओनाला सवत होती आणि ती गॅरेजात राहायची. लाल रंगाची, लांब नाकाची, एकोणसत्तर सालातली. अख्ख्या हेझल पार्क गावात तिला कुणी कंपनीच्या नावानं ओळखत नसे. थॅड मॅलिनोव्स्कीची 'एकोणसत्तरची' म्हटलं की झालं. थॅडनं ती लग्नाच्या आदल्या वर्षी घेतलेली, म्हणजे मानानंही तीच थोरली. लिओना हे लोकांना हसत हसत सांगायची, पण त्यातलं निम्मं हसू खोटं असायचं.

खोटं नसेल तर काय? त्या बयेनं काय कमी खाल्लं का? मिशिगनात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ फेकतात. थॅडनं पहिली काही वर्षं तिला बर्फातही कामावर नेली आणि तेवढ्यात मिठानं तिचा तळ खालून खाऊन टाकला. एकदा लिओनानं पाय ठेवला तर चपलेखाली सरळ रस्ताच दिसला. तळाचा पत्रा नवा आला, दिवाणखान्याचा गालिचा राहिला. मग रेडिएटर गळायला लागला. मग बंपरचं क्रोम उडालं आणि ते पुन्हा चढवून घ्यायला जे पैसे गेले त्यात लिओनाचं स्वयंपाकघर होऊन वर पडदे आले असते. हिवाळ्यात झाकून ठेवली तर उंदरांनी सीटमध्ये बाळंतपणं केली, वायरी कुरतडल्या. उन्हाळ्यात बाहेर काढली तर सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोल नळीतच उकळायचं आणि राणीसाहेब बंद! त्यावर उपाय म्हणून थॅडनं पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून ठेवले होते. चिमटे अर्थातच लिओनाचे.

"माझ्या चादरी वाऱ्यावर उडताहेत आणि तुझी लाडकी चिमटे लावून फिरतेय," ती म्हणायची.

"तिला जास्त गरज आहे," थॅड शांतपणे म्हणायचा. इंजिनाच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. बोलणं कमी आणि हात कायम काळे.

त्या काळ्या हातांसाठी घरात एकच कायदा होता. थॅड गॅरेजातून आत आला की दाराच्या मुठीला, फ्रिजला, बायकोला, कशालाच हात लावायचा नाही. जिना उतरून तळघरातल्या सिंकपाशी जायचं, दगडी साबणानं कोपरापर्यंत घासायचं आणि मगच वर यायचं. सुरुवातीला लिओना ओरडायची, "आधी सिंक!" पुढंपुढं नुसतं "सिंक!" एवढंच. मग तो पकडल्या गेलेल्या चोरासारखे दोन्ही हात वर करायचा आणि निमूट खाली जायचा. पोरगं मोठं झालं, नोकरीला लागलं, थॅड निवृत्त झाला, पण तो कायदा काही बदलला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यानं इंजिन पुरतं खोललं. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, झिजला होता, तो नवा घातला. तासन् तास गॅरेजात. लिओना शेगडी लावून शेजारी दिवा धरून बसायची. बोटं गारठायची, तोंडानं शिव्या द्यायची, पण दिवा हलू द्यायची नाही. मार्चअखेर इंजिन बसवून झालं. सुरू तेवढं करायचं राहिलं.

"ऑगस्टात वुडवर्डवर अशी नेतो की नाही बघ," थॅड म्हणाला. दर ऑगस्टात वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा फेरा असतो, अख्खं गाव खुर्च्या टाकून कडेला बसतं. त्यानं एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

"आधी सुरू तर होऊ दे."

"तेल राहिलंय फक्त. तेल घेऊन येतो."

तो टोपी घालून बाहेर पडला आणि दारापुढच्या उतारावरच कोसळला.

मे महिन्यात थॅड हॉस्पिटलातून घरी आला तो चाकांच्या खुर्चीतून. पक्षाघातानं उजवं अंग गेलेलं. जीभ जड, शब्द ओले होऊन एकमेकांना चिकटायचे. पहिले काही आठवडे तर तोंडातून नुसता घोगरा सूर निघायचा. लिओना त्याला भरवायची, पुसायची, उचलायची. तिची स्वतःची कंबर गेली होती, पण सांगते कुणाला!

मुलगा डेनिस दर रविवारी यायचा. वाईट नव्हता पोरगा. आईची दशा त्याला बघवायची नाही, म्हणून तो रागावून बोलायचा.

"आई, तू आधी मरशील असं करून. बाबांना आपण चांगल्या ठिकाणी ठेवू. तिथं नर्स असतात, सगळं असतं."

"तुझ्या बाबाला परक्या घरात टाकू?"

"त्यांना कळणार आहे का घर आपलं का परकं? माझ्याकडं बघतात ते भिंतीकडं बघितल्यासारखं. ते आत नाहीयेत गं आई. असते तर मीच म्हटलं असतं की घरीच ठेव."

हे वाक्य लिओनाच्या काळजात रुतलं. थॅड आत आहे की नाही? रात्रंदिवस तोच एक प्रश्न. ती त्याच्या डोळ्यांत बघायची, त्याच्या आवडत्या पिएरोगीचा, बटाटा भरलेल्या करंज्यांचा, वास नाकाशी धरायची, लग्नातले फोटो दाखवायची. काही नाही. मग एके दिवशी तिच्या मनात आलं की हा माणूस बायकोच्या हाकेला नसेल ओ देत, पण सवतीच्या देईल. एकोणसत्तरचीचा आवाज ऐकला तर हा जिथं कुठं असेल तिथून उठून येईल.

वेंडलला विचारायला हवं होतं. वेंडल टॅकेट म्हणजे थॅडचा कारखान्यातला जोडीदार, मूळचा केंटकीचा, गाड्यांचं नाडीपरीक्षण करणारा. पण वेंडल थॅडला एकदाच बघायला आला होता, दारात उभा राहून टोपी कुस्करत रडला होता आणि त्यानंतर फिरकला नव्हता. लिओनाला त्याचा संताप होता. मित्र म्हणे! आणि खरं सांगायचं तर तिला हे स्वतः करायचं होतं. इतके हिवाळे दिवा धरला होता तो काय उगाच?

तिनं बॅटरी चार्ज केली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. आणि थॅडचं राहिलेलं काम करायला दुकानात गेली.

"कुठलं तेल देऊ?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

"सगळ्यात भारी असेल ते," लिओना म्हणाली. "पैसे बघू नका."

जन्मात पहिल्यांदा तिनं सवतीसाठी असं म्हटलं होतं. त्यानं सोनेरी डबे दिले, एकदम नव्या जमान्याचं तेल. ते छातीशी धरून ती घरी आली तेव्हा तिला फार हलकं वाटत होतं.

तिनं थॅडची खुर्ची गॅरेजच्या दारात आणली, बोनेट उघडलं आणि पहिला डबा फोडला.

थॅडची मान वर आली.

"बघतोयस ना?" लिओनानं डबा वर धरला. "तुझं तेल आणलंय. सगळ्यात भारी."

त्याची नजर डब्यावर खिळली. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. डाव्या हातानं तो खुर्चीचा दांडा बडवायला लागला. आणि मार्चनंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडातून कळण्यासारखा शब्द निघाला.

"सिंक."

लिओनाच्या हातातलं नरसाळं निसटलं.

"काय म्हणालास?"

"सिंक! सिंक!"

अरे देवा! एवढा मोठा माणूस, एवढं आयुष्य, आणि डोक्यात शिल्लक राहिलं ते काय, तर बायकोचं खेकसणं! गॅरेज दिसलं, तेल दिसलं, आणि हा हात धुवायला निघाला. लिओनाला रडूच कोसळलं. तिनं त्याचा चेहरा पोटाशी धरला.

"नाही रे राजा, नाही ओरडत आता. चल. धुऊ या हात."

तळघरात उतरवणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं त्याला स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी नेलं आणि कोमट पाण्यानं त्याचे स्वच्छ हात पुन्हा स्वच्छ केले. थॅड मान हलवत राहिला, पाण्यातून हात ओढत राहिला. मग त्यानं डोळे मिटले आणि पाणी गालांवरून वाहायला लागलं. तिला वाटलं, त्याला बरं वाटलं.

परत येऊन तिनं उरलेलं तेल ओतलं आणि किल्ली फिरवली. दोनदा खोकून एकोणसत्तरची जागी झाली. लिओनानं तिला अगदी स्लो सोडली. नवं इंजिन, बिचारी इतक्या महिन्यांनी उठलेली, तिला कशाला दामटा? अर्धा तास ती तशीच हळू गुरगुरत राहिली आणि लिओना प्रेमानं तिच्या लाल पत्र्यावर हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं आतून टिकटिक यायला लागली, शिवणयंत्रासारखी. दारात थॅड दांडा बडवून बडवून ओरडत होता, "सिंक! सिंक! सिंक!"

त्यानंतर तो शब्द थांबलाच नाही. जेवताना सिंक, झोपताना सिंक. आधी मोठ्यानं, मग विनवणी करावी तसा, मग नुसता श्वासाबरोबर. लिओना दर वेळी त्याला न्यायची, हात धुवायची. हॉस्पिटलाकडून तपासायला एक बाई आल्या. भल्या होत्या. त्यांनी खाली वाकून थॅडला विचारलं, "मॅलिनोव्स्की, तुम्हाला काय हवंय?"

"सिंक."

"तुमची बायको कुठंय? दाखवता?"

थॅडनं लिओनाकडं बघितलं, गॅरेजच्या दिशेनं बोट केलं. "सिंक."

त्या बाईंनी लिओनाला बाजूला घेतलं. हाच एक शब्द का अडकून बसलाय, असं त्यांनी विचारलं. आणि हो, लिओनानंच सगळं सांगितलं, घरातला तो कायदा, तिचं ओरडणं, सगळं. बाई हळहळल्या. त्याला आता काही कळत नाही, असं त्यांनी कागदावर लिहिलं. डेनिस खाली मान घालून म्हणाला, "आई, आता तरी." आणि थॅडला नर्सांच्या जागी ठेवायच्या कागदावर लिओनानं सही केली.

त्या जागेत थॅडला सोडताना तिनं तिथल्या नर्सला बजावलं, "तो सिंक म्हणाला की त्याचे हात धुवा हं. त्याला बरं वाटतं."

त्यांनी इमानेइतबारे धुतले. दर भेटीला थॅडच्या हातांची कातडी जास्त कोरडी, जास्त भेगाळलेली दिसायची. लिओना मलम घेऊन जायची.

ऑगस्टातला तिसरा शनिवार आला. डेनिसनं बाबांना त्या जागेतून दिवसापुरतं आणलं, उचलून एकोणसत्तरचीत बसवलं, पट्टा लावला. त्याला हे पटत नव्हतं, पण आईच्या तोंडाकडं बघून त्यानं किल्ली तिच्या हातात दिली. लिओना चालवायला बसली. ती गाडी तिनं आयुष्यात दोनदाच चालवली होती, आणि दोन्ही वेळा थॅडनं देवाचा धावा केला होता.

टिकटिक आता खडखडीवर गेली होती. दम नव्हता तिच्यात. वुडवर्डवर मुंगीच्या पावलानं गाड्यांची रांग चालली होती, कडेला माणसंच माणसं, खुर्च्या, धूर, भाजलेल्या सॉसेजचा वास. लोक ओळखून हात करत होते. "अरे, थॅडची एकोणसत्तरची!" थॅड पुढं बघत होता. त्याचे ओठ गच्च मिटलेले होते.

अर्धा मैल गेला असेल नसेल, कार्ब्युरेटरमधून बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. गाडी गचकली, पुन्हा एक बार, आणि बंद पडली ती पडलीच. लिओनानं किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. मागून भोंगे वाजायला लागले.

"ढकला रे, कडेला घ्या!" खुर्च्यांमधून एक म्हातारा धावत आला. वेंडल. त्यानं चार जणांना हाताशी धरून गाडी कडेला लावली आणि तेव्हा कुठं त्याला आत बसलेला थॅड दिसला. टोपी हातात आली.

"थॅड..." तो म्हणाला. त्याचे डोळे भरले.

"रडायचं नंतर बघ," लिओना कडाडली. "आधी हिला बघ."

वेंडलनं बोनेट उघडलं. नळीवरचे चिमटे जागेवर होते. लिओनानं स्वतःच तेल मोजायची डिपस्टिक ओढली आणि बोटांवर तेल घेतलं. उन्हात त्या तेलात चंदेरी भुकटी चमकत होती. तिला ते सुंदर वाटलं. वेंडलनं मात्र कपाळाला हात लावला.

"लोखंड आहे ते. कॅमशाफ्टचा भुगा झालाय. नवा घातला होता ना त्यानं? सुरू कुणी केली?"

"मी."

"तेल कुठलं टाकलंस?"

"सगळ्यात भारी! सोनेरी डब्यातलं. काही कसर नाही ठेवली मी."

"अगं, तेच तर चालत नाही हिला! जुन्या घडणीचं इंजिन आहे हे. वर पहिल्यांदा सुरू केली की स्लो नाही सोडायची, रेस धरून ठेवायची. हळू सोडली की मेला कॅमशाफ्ट." वेंडल हात पुसत होता. "आणि नुसतं भारी तेल घेऊन काय करायचं? त्यात झिंक नसतं."

"काय नसतं?"

"झिंक. जस्त. हल्लीच्या तेलातून काढून टाकलंय बहुतेक. वेगळी बाटली मिळते, ती ओतावी लागते. थॅडला पक्कं ठाऊक होतं, मलाच तर त्यानं शिकवलंय. झिंकशिवाय नवा कॅमशाफ्ट खरवडून..."

"पुन्हा म्हण."

"झिंक. अगं, काय झालं तुला?"

लिओना वळली. उघड्या खिडकीतून थॅड तिच्याकडं बघत होता. भिंतीकडं बघितल्यासारखा नव्हे.

"सिंक," तो हळूच म्हणाला आणि त्यानं मान डोलावली. एकदा. मग पुन्हा एकदा.

रस्त्यावरचे सगळे भोंगे तिच्या कानांतून निघून गेले. तो आत होता. पहिल्या डब्यापासून होता. ओरडून सांगत होता, विनवून सांगत होता, त्या तपासणाऱ्या बाईंना गॅरेजकडं बोट करून सांगत होता. आणि तिनं काय केलं? हात धुतले त्याचे. दुसऱ्यांनाही धुवायला सांगितले. सही केली.

ती खिडकीशी येऊन त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसली. "थॅड, तू झिंक म्हणत होतास रे. झिंक म्हणत होतास! आणि मी, मी मूर्ख बाई, मी तुला..."

तिनं त्याचे दोन्ही हात धरले. भेगा पडलेले, पांढरे फटक, साबणानं पिऊन टाकलेले ते हात तिच्या हातांतल्या तेलानं काळे झाले. थॅडनं खाली बघितलं. आपल्या काळ्या बोटांकडं, मग तिच्या काळ्या बोटांकडं. तोंडाचा धड राहिलेला कोपरा हळूहळू वर गेला.

"सिंक!" तो तिच्यावर खेकसला.

हुबेहूब तिच्यासारखा. लिओना हसली आणि हसता हसता तिनं असा हंबरडा फोडला की खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. वेंडल दुसरीकडं तोंड करून टोपीत डोळे पुसत होता.

थॅड त्या जागेत परत गेला नाही. डेनिस संध्याकाळी आला. त्यानं ऐकून घेतलं, बाबांच्या पायांशी बसला. उठल्यावर एवढंच म्हणाला, "त्यांचं सामान मी घेऊन येतो."

दुसऱ्या दिवसापासून वेंडल रोज यायला लागला. त्यानं इंजिन पुन्हा उतरवलं. थॅड खुर्चीत बसून डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचा, लिओना त्याचा उजवा हात व्हायची. त्याला आणखी दोन शब्द आले, 'नको' आणि 'दिवा'. दिवा हलला की तो पूर्वीसारखाच चिडायचा. संध्याकाळी तिघांचे हात कोळशासारखे व्हायचे, तशाच हातांनी ते जेवायला बसायचे आणि फ्रिजच्या दारावर बोटं उमटायची. लिओनानं ती पुसली नाहीत.

कॅमशाफ्ट आला. झिंकची बाटली आली, ती थॅडनं मांडीवर घेऊन ठेवली. पण आतून खरवडलेल्या भुग्यानं बेअरिंगही खाल्ली होती, आणि ती मिळेपर्यंत पानं गळून गेली. ऑक्टोबरात एका सकाळी लिओना त्याला उठवायला गेली तर थॅड उठला नाही. इंजिन टेबलावर उघडंच होतं.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी थॅडला शवपेटीसाठी तयार करणाऱ्या माणसाचा फोन आला. फार अदबीनं बोलत होता.

"मॅलिनोव्स्कीबाई, माफ करा. सूट घातलाय, केस विंचरलेत. पण त्यांच्या नखांतलं काळं काही केल्या निघत नाही. आम्ही पुन्हा एकदा..."

"नको," लिओना म्हणाली. "राहू दे. त्याचे हात नका धुऊ आता."